टाकाऊ ठरलेल्या लाकडाचा नाद : पुनर्प्राप्त स्थानिक लाकूड आणि हस्तनिर्मित अकूस्टिक गिटार

सारांश :
अकूस्टिक गिटारीसाठी गेली सुमारे दीडशे वर्षे विशिष्ट जातींचे, बहुधा दूरदेशीचे आणि वृद्ध वृक्षांचे लाकूड वापरले जात आहे. या वृक्षांची उपलब्धता घटल्याने आणि त्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आल्याने वाद्यनिर्माते शहरात तोडलेली झाडे, पाडलेल्या इमारतींच्या तुळया, जुनी पिंपे अशा स्थानिक व पुनर्प्राप्त लाकडाकडे वळले आहेत. अशा लाकडाची निवड कशी होते, ते वाद्ययोग्य कसे केले जाते, त्याच्या नादाविषयी कोणते पुरावे आहेत आणि या प्रयोगांचा महाराष्ट्राच्या संदर्भात कोणता अर्थ लागतो, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : अकूस्टिक गिटार, पुनर्प्राप्त लाकूड, नागरी वृक्ष, तबली, शिसव, वाद्यनिर्मिती.

१. प्रास्ताविक

एखादे जुने झाड वादळात उन्मळून पडते किंवा रस्तारुंदीकरणात तोडले जाते, तेव्हा त्याच्या लाकडाचे भवितव्य बहुधा काही तासांतच ठरते. रस्ता मोकळा करण्याची घाई असते. यांत्रिक करवतीने बुंध्याचे दोन-तीन फुटी तुकडे होतात, ते ट्रकमध्ये भरले जातात आणि जळाऊ लाकूड म्हणून वजनावर विकले जातात. साठ-सत्तर वर्षे वाढलेल्या वृक्षाचे मूल्य अशा रीतीने सरपणाच्या दरापर्यंत खाली येते. त्याच वेळी त्याच शहरातील वाद्यांच्या दुकानात असलेली गिटार मात्र उत्तर अमेरिकेतील स्प्रूस, मध्य अमेरिकेतील महोगनी आणि आफ्रिकेतील एबनी अशा तीन खंडप्राय प्रदेशांतील लाकडांपासून बनलेली असते.

ही विसंगती केवळ पर्यावरणाची नाही, ज्ञानाचीही आहे. चांगल्या नादासाठी ठरावीक जातींचेच लाकूड लागते, ही समजूत वादक, विक्रेते आणि कारागीर यांच्यात इतकी दृढ आहे की जवळच्या लाकडाची परीक्षा करण्याची आवश्यकता क्वचितच कोणाला भासते. अलीकडच्या काळात काही निर्मात्यांनी ही परीक्षा प्रत्यक्ष करून पाहिली. तिचे निष्कर्ष ध्वनिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र आणि संगीत या चारही विद्याशाखांच्या अभ्यासकांना विचार करावयास लावणारे आहेत.

२. गिटारीची रचना आणि लाकडाचे कार्य

लाकडाच्या निवडीचा प्रश्न समजून घेण्यासाठी गिटारीच्या कोणत्या भागाकडून कोणते काम अपेक्षित असते, हे प्रथम पाहणे आवश्यक आहे. तार स्वतः फारच थोडी हवा हलवते. तिचे कंपन घोडीमार्फत वाद्याच्या वरच्या पातळ फळीला, म्हणजे तबलीला, मिळते आणि ही तबली आपल्या मोठ्या पृष्ठभागाने हवेला गती देते. पाठ आणि कडा मिळून पोकळी तयार होते. या पोकळीतील हवा नादछिद्रातून आतबाहेर होत खालच्या स्वरांना बळ देते. दांडी, पडदे आणि खुंट्या यांचे कार्य मुख्यतः तारांचा ताण सहन करण्याचे व स्वरस्थान स्थिर ठेवण्याचे असते.

पोलादी तारांच्या गिटारीत सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० ते ८० किलोग्रॅम असतो. तबलीची जाडी मात्र अवघी अडीच ते तीन मिलिमीटर असते. एका प्रौढ माणसाच्या वजनाइतका ताण इतक्या पातळ फळीने वर्षानुवर्षे सहन करावा आणि तरीही मोकळेपणाने कंप पावावे, अशी ही परस्परविरोधी अपेक्षा आहे. म्हणून तबलीसाठी हलके, पण ताठ लाकूड लागते. स्प्रूसचे लाकूड या कसोटीला उतरते. त्याची घनता प्रतिघनमीटर सुमारे ४०० किलोग्रॅम असून त्याच्या रेषांच्या दिशेने ध्वनीचा वेग सेकंदाला ५,००० मीटरच्या आसपास असतो. आतल्या बाजूने चिकटवलेल्या आधारपट्ट्या तबलीला अधिक बळ देतात आणि कंपनाचे वितरणही नियंत्रित करतात.

पाठ आणि कडा यांच्याकडून अपेक्षा वेगळी असते. त्यांचे लाकूड घट्ट, टिकाऊ आणि उष्णतेने वाकवता येणारे असावे लागते. तबलीच्या तुलनेत नादनिर्मितीतील त्यांचा वाटा दुय्यम आहे. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण स्थानिक लाकडाच्या प्रयोगांना सर्वाधिक वाव याच भागांत मिळतो.

येथे आणखी एक भौतिक नियम लक्षात घ्यावा लागतो. फळीचा वाकण्यास होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी १० टक्क्यांनी कमी केली, तर ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. याचा अर्थ असा, की लाकडाच्या जातीजातींत असणाऱ्या फरकाची मोठ्या प्रमाणात भरपाई रंध्याच्या काही हातांनी करता येते. कारखान्यात प्रत्येक फळी एकाच ठरावीक जाडीची केली जाते, त्यामुळे तेथे एकसारख्या लाकडाची गरज भासते. हाताने वाद्य घडवणारा कारागीर मात्र प्रत्येक फळी वाकवून, बोटाने ठोकून, तिचा प्रतिसाद ऐकून तिची जाडी ठरवतो. पुनर्प्राप्त लाकडाचे दोन तुकडे कधीच सारखे नसतात. म्हणून असे लाकूड आणि हस्तनिर्मिती यांचा संबंध भावनिक नसून तांत्रिक आहे.

३. परंपरा आणि टंचाई

गिटारीच्या पाठीसाठी ब्राझीलचे शिसव हे दीर्घकाळ सर्वोत्तम लाकूड मानले गेले. तथापि, १९६०च्या दशकातच त्याचे रुंद व निर्दोष तुकडे मिळणे कठीण होऊ लागले. पेनसिल्व्हेनियातील मार्टिन या जुन्या कंपनीने १९६५ मध्ये डी-३५ ही गिटार बाजारात आणली. तिची पाठ नेहमीप्रमाणे दोन तुकड्यांची नसून तीन तुकड्यांची होती. अरुंद फळ्यांचा उपयोग करण्यासाठी काढलेला हा मार्ग होता. पुढे हीच तिची ओळख ठरली आणि ती गिटार आवडीने घेतली जाऊ लागली. त्याच दशकाच्या अखेरीस ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातल्यावर याच कंपनीने भारतीय शिसवाचा स्वीकार केला.

या घटनेकडे मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावयास हवे. ज्याला जागतिक गिटार-व्यवसायात आज ‘पारंपरिक’ म्हटले जाते ते भारतीय शिसव, म्हणजे सह्याद्रीच्या व दक्षिण भारताच्या पानझडी वनांतील डाल्बर्जिया लॅटिफोलिया हा वृक्ष होय. उत्तर भारतात शीशम म्हणून ओळखला जाणारा डाल्बर्जिया सिस्सू त्याचा सगोत्र असला, तरी तो वेगळा वृक्ष आहे. आपल्याकडील जुन्या कपाटांना, देव्हाऱ्यांना आणि पाळण्यांना वापरलेले काळसर शिसवी लाकूड पाश्चात्त्य गिटारीत आले ते मुख्यतः टंचाईमुळे, पर्याय म्हणून. एका पिढीचा नाइलाजाचा पर्याय पुढच्या पिढीची परंपरा होतो, हे यावरून स्पष्ट दिसते.

पुढील काळात निर्बंध अधिक व्यापक झाले. धोक्यात आलेल्या प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या ‘साइट्स’ करारात ब्राझीलच्या शिसवाचा समावेश १९९२ मध्ये पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात झाला. मोठ्या पानांची महोगनी २००३ मध्ये दुसऱ्या परिशिष्टात आली. २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया ही संपूर्ण प्रजातीच दुसऱ्या परिशिष्टाखाली आली आणि परवान्यावाचून शिसवी पाठीच्या गिटारीचा परदेशी व्यापार करणे अशक्य झाले. वाद्यनिर्माते आणि वादक यांच्या अडचणी लक्षात घेऊन २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना व त्यांच्या सुट्या भागांना यातून सूट देण्यात आली. ब्राझीलच्या शिसवाला मात्र ही सूट नाही. दरम्यान अमेरिकेने आपल्या लेसी कायद्यात २००८ मध्ये दुरुस्ती करून बेकायदा तोडलेल्या लाकडापासून बनलेल्या वस्तूही कायद्याच्या कक्षेत आणल्या होत्या. लाकूड कोठून आले, हा प्रश्न अशा रीतीने वाद्यनिर्मितीच्या केंद्रस्थानी आला.

४. पुनर्प्राप्त लाकूड : अर्थ आणि स्रोत

केवळ वाद्यासाठी म्हणून जिवंत वृक्ष न तोडता, अन्य कारणाने उपलब्ध झालेले लाकूड म्हणजे पुनर्प्राप्त लाकूड, अशी कामचलाऊ व्याख्या करता येईल. त्याचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग वापरून झालेल्या लाकडाचा आहे. त्यात पाडलेल्या इमारतींच्या तुळया, खांब व फळ्या, जुने फर्निचर आणि पिंपे यांचा समावेश होतो. न्यूयॉर्कमधील काही कारागिरांनी जुन्या इमारतींतील पाइनपासून गिटारी घडवल्या, त्या मुख्यतः भरीव विद्युत गिटारी होत्या. इंग्लंडमधील फाइल्ड या छोट्या निर्मितिशाळेने स्कॉटलंडच्या व्हिस्की-उद्योगातील जुन्या लाकडापासून अकूस्टिक गिटारी बनवल्या.

दुसरा वर्ग हरवलेल्या किंवा सोडून दिलेल्या ओंडक्यांचा आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तर कॅलिफोर्नियात तोडलेले रेडवूडचे ओंडके नद्यांतून वाहून नेताना काही बुडाले. ते बाहेर काढून त्यांच्या तबल्या केल्या जातात. मध्य अमेरिकेतील बेलीझ देशात १९६५ मध्ये तोडलेला एक प्रचंड महोगनी वृक्ष दरीत कोसळला आणि बाहेर काढता न आल्याने तसाच पडून राहिला. पुढे तो तुकडे करून बाहेर आणण्यात आला. लहरींसारख्या रेषांचे त्याचे लाकूड वाद्यनिर्मात्यांत ‘द ट्री’ एवढ्याच नावाने ओळखले जाते.

तिसरा आणि भविष्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा वर्ग नागरी वृक्षांचा आहे. वय झालेली, रोगग्रस्त, धोकादायक किंवा वादळाने पडलेली झाडे शहरांतून नियमितपणे काढली जातात. पहिले दोन स्रोत मर्यादित आहेत आणि केव्हातरी संपणारे आहेत. शहरातील वृक्षारोपण जोवर चालू राहील, तोवर तिसरा स्रोत मात्र टिकून राहील.

५. ओंडक्यापासून वाद्यापर्यंत

पुनर्प्राप्त लाकूड स्वस्त असते, हा समज अर्धवट खरा आहे. लाकूड स्वस्त असले, तरी ते वाद्ययोग्य करण्याचे श्रम महाग असतात. या प्रक्रियेचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) निवड : दोन तुकड्यांच्या पाठीसाठी प्रत्येकी सुमारे २१ सेंटिमीटर रुंद व ५५ सेंटिमीटर लांब फळ्या लागतात. कडांसाठी सुमारे १२ सेंटिमीटर रुंद आणि ८५ सेंटिमीटर लांब पट्ट्या लागतात. अरीय छेदाने २१ सेंटिमीटर रुंदी मिळण्यासाठी, गाभ्याचा मध्य, बाहेरचे मऊ रसकाष्ठ आणि साल वगळता, बुंध्याचा व्यास निदान अर्धा मीटर असावा लागतो. फांद्या याला उपयोगी पडत नाहीत. फांदीचे लाकूड एका बाजूने ताणलेले वाढते आणि वाळताना वाकते. दोन फुटी तुकड्यांतून पाठ कशीबशी निघेल, परंतु कडा निघणार नाहीत. म्हणून झाड तोडतानाच बुंधा किमान तीन फूट लांबीचा ठेवणे, ही या साऱ्या खटाटोपाची पहिली अट आहे.

(आ) छेद : लाकूड वाळताना सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने होणारे आकुंचन त्रिज्येच्या दिशेने होणाऱ्या आकुंचनाच्या सुमारे दुप्पट असते. त्यामुळे वाद्याच्या फळ्या शक्यतो त्रिज्येच्या दिशेने कापतात. एकाच ठोकळ्यातून लागोपाठ निघालेल्या दोन फळ्या पुस्तकाच्या पानांप्रमाणे उघडून मधोमध जोडल्या, की पाठीच्या दोन्ही अर्धांवरील रेषा परस्परांची प्रतिबिंबे होतात. यामुळे रूप खुलते आणि दोन्ही बाजूंचे प्रसरण-आकुंचनही समतोल राहते.

(इ) वाळवण : ताज्या लाकडात पेशींच्या पोकळीतील मुक्त पाणी आणि पेशीभित्तिकेत बांधलेले पाणी असे दोन प्रकारचे पाणी असते. ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेल्यानंतरच आकुंचन सुरू होते. टोकांतून पाणी फार लवकर निघून जाते आणि तेथे तडे पडतात. म्हणून ओंडका कापल्याबरोबर त्याच्या टोकांना मेण किंवा रंग लावतात. हवेत वाळवताना दर इंच जाडीमागे सुमारे एक वर्ष असा ढोबळ हिशोब सांगितला जातो. भट्टीत हा काळ कमी होतो. अखेरीस ओलावा ६ ते ८ टक्क्यांवर आणून, ४५ ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या खोलीत फळ्या स्थिरावू दिल्या जातात.

जुन्या इमारतींचे लाकूड या टप्प्यात उजवे ठरते. कित्येक दशके ऋतुमानानुसार ओलावा घेत-सोडत ते स्थिरावलेले असते. कालांतराने लाकडातील हेमिसेल्युलोज हा घटक अंशतः विघटित होतो आणि लाकडाची ओलावा शोषण्याची क्षमता कमी होते. नवे लाकूड प्राणवायूविरहित भट्टीत तापवून हाच परिणाम कृत्रिमरीत्या साधण्याचे तंत्रही आता रूढ झाले आहे.

(ई) दोषशोध : जुन्या तुळईत खिळे, बंदुकीचे छर्रे, गाठी, किड्यांनी पोखरलेल्या वाटा आणि लपलेले तडे असतात. कापण्यापूर्वी धातुशोधक यंत्र फिरवणे आवश्यक ठरते, कारण एक खिळा करवतीचे पाते निकामी करू शकतो. जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते. रेल्वेच्या लाकडी स्लीपरना टिकण्यासाठी क्रिओसोट पाजलेले असते. अशा लाकडाचा भुसा आरोग्यास अपायकारक असल्याने ते टाळणेच श्रेयस्कर होय.

(उ) घडण : फळ्या इष्ट जाडीपर्यंत रंधून, कडा ओल्या करून तापलेल्या नळीवर वाकवल्या जातात. प्रत्येक जातीचे लाकूड वेगळ्या तापमानाला ‘सुटते’, म्हणजे तंतू सैल होऊन हाताला वळण देते. अपरिचित लाकडाच्या बाबतीत हे तापमान कारागिराला तुकडे मोडून मोडूनच शिकावे लागते. त्यानंतर आधारपट्ट्या चिकटवून त्या छिलणे, पेटी बंद करणे, दांडी बसवणे, पडदे ठोकणे आणि वार्निशचे पातळ थर देणे ही कामे होतात. तेलकट लाकडाला सरस नीट धरत नाही, म्हणून सांधा जोडण्याच्या जरा आधी तेथील पृष्ठभाग ताजा रंधून घ्यावा लागतो.

६. कॅलिफोर्नियातील नागरी ॲश : एक उदाहरण

नागरी वृक्षांचे लाकूड मोठ्या प्रमाणावर वापरात आणण्याचा उल्लेखनीय प्रयत्न अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. सॅन दिएगोजवळील एल काहोन येथील टेलर या गिटार-कंपनीने शहरांतील वृक्षांची निगा राखणाऱ्या वेस्ट कोस्ट आर्बोरिस्ट्स या संस्थेशी सहकार्य केले आणि जानेवारी २०२० मध्ये पाठ व कडा शॅमेल ॲशच्या असलेली गिटार सादर केली. हा वृक्ष मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील असून सावलीसाठी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर तो मोठ्या संख्येने लावला गेला होता. वय झालेली ही झाडे काढली जात होतीच. त्यांच्या लाकडाचे गुण महोगनीच्या जवळ जाणारे असल्याचे कंपनीला आढळले. २०२२ मध्ये याच मार्गाने आलेल्या रेड आयर्नबार्क या निलगिरीच्या जातीचाही उपयोग सुरू झाला.

या उदाहरणातील महत्त्वाची गोष्ट लाकडाच्या जातीपेक्षा व्यवस्थेची आहे. वृक्षनिगा संस्थेकडे कोणत्या रस्त्यावर कोणत्या जातीचे झाड आहे याची नोंद होती. त्यामुळे कोणत्या जातीचे लाकूड पुढेही मिळत राहील याचा अंदाज बांधता आला. झाड तोडणाऱ्यांना बुंधा किती लांब ठेवावयाचा हे आधी सांगता आले. तोडलेले ओंडके एका आवारात जातवार साठवण्याची सोय झाली. वाद्यनिर्मात्याला एक उत्तम ओंडका मिळून भागत नाही. पुढच्या वर्षी तसाच दुसरा मिळेल याची खात्री त्याला हवी असते. कारखान्याच्या बाबतीत ही खात्री अपरिहार्य आहे. एकटा काम करणारा कारागीर मात्र एकाच पडलेल्या झाडातून अनेक वर्षांचे काम उभे करू शकतो.

७. नादाविषयीचे पुरावे

स्थानिक लाकडाची गिटार दिसायला आणि विचाराला कितीही चांगली असली, तरी तिचा नाद उणा असेल तर वादक ती घेणार नाही. म्हणून पुराव्याचा प्रश्न टाळता येत नाही.

या संदर्भातील सर्वांत जुना प्रयोग आधुनिक गिटारीचा शिल्पकार मानल्या जाणाऱ्या आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या स्पॅनिश कारागिराचा आहे. त्याने १८६२ मध्ये एक गिटार घडवली. तिची पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या होत्या, तबली मात्र उत्तम लाकडाची होती. नादाचा मुख्य भार तबली आणि तिच्या रचनेवर असतो, हे दाखवण्यासाठी केलेला हा प्रयोग होता. ही गिटार बार्सिलोना येथील संगीत संग्रहालयात जतन केलेली आहे. १९९५ मध्ये बॉब टेलर यांनी माल ठेवण्याच्या टाकाऊ पॅलेटमधील ओक लाकडाची पाठ व कडा आणि बांधकामातील सामान्य लाकडाची तबली वापरून एक गिटार बनवली आणि वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात मांडली. कारागिरी हाच निर्णायक घटक आहे, हे त्यांना दाखवावयाचे होते. खिळ्यांची भोके त्यांनी लपवली नाहीत, उलट धातूच्या टिकल्यांनी उठावदार केली.

हे प्रयोग मार्मिक असले, तरी त्यांना शास्त्रीय चाचणी म्हणता येत नाही. निर्माता स्वतःच परीक्षक असेल, तर निष्कर्षात त्याची अपेक्षा मिसळते. ही उणीव २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लँकॅस्टर विद्यापीठाशी संबंधित अभ्यासाने बऱ्याच अंशी दूर केली. त्यासाठी एकाच निर्मात्याने सहा गिटारी घडवल्या. रचना व तबली शक्य तितकी सारखी ठेवून पाठ आणि कडा मात्र ब्राझीलचे शिसव, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, सापेली आणि अक्रोड अशा वेगवेगळ्या लाकडांच्या केल्या. ५२ गिटारवादकांनी मंद प्रकाशात, लाकूड ओळखता येणार नाही असे काळे चष्मे लावून त्या वाजवल्या. सहाही वाद्यांना मिळालेले गुण जवळजवळ सारखे होते. महाग व दुर्मिळ लाकडाच्या वाद्याला स्वस्त लाकडाच्या वाद्यापेक्षा निश्चित श्रेष्ठत्व मिळाले नाही.

या निष्कर्षाचा अर्थ मर्यादेत घ्यावयास हवा. लाकडाला काहीच महत्त्व नाही, असे त्यातून सिद्ध होत नाही. तबलीचे लाकूड या चाचणीत बदललेले नव्हते आणि सर्व वाद्ये एका कसलेल्या हाताची होती. तथापि, पाठ व कडांसाठी दुर्मिळ वृक्ष अपरिहार्य आहेत, या समजुतीचा आधार मात्र त्यामुळे ढासळतो. डोळ्यांना दिसलेले लाकूड कानांना काय ऐकू येते हे ठरवत असते, हा त्यातील खरा बोध आहे.

८. मर्यादा आणि आक्षेप

पुनर्प्राप्त लाकडाच्या मार्गात खऱ्या अडचणी आहेत. तबलीसाठी लागणारी निर्गाठ, सरळ आणि दाट रेषांची फळी बहुधा शेकडो वर्षांच्या सूचिपर्णी वृक्षातूनच मिळते. उष्ण प्रदेशातील रस्त्यांवरच्या झाडांत तिला सहज पर्याय सापडत नाही. म्हणून ‘संपूर्ण स्थानिक’ गिटार हे बहुतेक ठिकाणी अजून उद्दिष्टच आहे. दुसरी अडचण नासाडीची आहे. खिळे, तडे आणि कीड वगळता जुन्या तुळईतून हाती येणारा भाग थोडाच असतो. तिसरी अडचण विश्वासाची आहे. ‘जुने लाकूड’ या नावाखाली नवे, किंबहुना बेकायदा तोडलेले लाकूड खपवले जाण्याचा धोका संभवतो. लाकूड कोठून, केव्हा आणि कोणाच्या परवानगीने आले याची नोंद नसेल, तर पुनर्प्राप्त हे विशेषण केवळ विक्रीचे साधन ठरेल.

पर्यावरणीय लाभाचीही अतिशयोक्ती होऊ नये. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बन असतो. झाड जाळल्यास तो तत्काळ वातावरणात जातो आणि वाद्यात तो कित्येक दशके बंदिस्त राहतो, हे खरे आहे. परंतु एका गिटारीत लागणारे लाकूड काही किलोच असते. वाद्यनिर्मितीने शहराचे लाकूड संपणार नाही. तिचे महत्त्व मूल्याची जाणीव करून देण्यात आहे. सरपण समजल्या गेलेल्या ओंडक्यातून वाद्य निघू शकते, हे एकदा दिसले की त्याच ओंडक्यातून टेबल, दारे, वर्गातील बाके का निघू नयेत, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

९. महाराष्ट्राच्या संदर्भात

जवळच्या साधनातून नाद घडवण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. मिरजेच्या तंतुवाद्यनिर्मितीचा आरंभ एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कारागिरांनी केला. सोलापूर जिल्ह्यात पिकणारे मोठे भोपळे आणि तुणीचे लाकूड यांतून त्यांनी सतार व तंबोरा घडवला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. दक्षिणेत वीणेसाठी फणसाचे लाकूड आणि उत्तरेत सरोदासाठी सागवान वापरले जाते. फळझाडाचे वा घरबांधणीचे लाकूड वाद्याला चालत नाही, ही समजूत भारतीय परंपरेने कधीच मानलेली नाही. गिटारही येथे उपरी राहिलेली नाही. चित्रपटसंगीतात ती रुळली आणि विश्वमोहन भट्ट यांनी तिच्यात बदल करून घडवलेली मोहनवीणा रागसंगीताच्या मंचावर स्थिरावली.

साधनसामग्रीची वाण नाही. जुने वाडे आणि चाळी पाडल्या जातात, तेव्हा सागवानी तुळया, खांब व चौकटी निघतात. त्यांना जुन्या लाकडाच्या बाजारात आजही मागणी असते, कारण त्या लाकडाची किंमत लोकांना ठाऊक आहे. रस्त्यावरच्या झाडांच्या वाट्याला मात्र हे भाग्य येत नाही. शहरांत सर्वत्र आढळणारा वर्षावृक्ष मूळचा दक्षिण व मध्य अमेरिकेतील आहे. हवाई बेटांवर त्याच्या आणि आंब्याच्या लाकडापासून युकुलेली हे छोटे तंतुवाद्य बनवले जाते. आपल्याकडे ही दोन्ही लाकडे बहुधा खोकी, फळकुटे व सरपण यांपुरतीच समजली जातात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीत, तर मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने कोकण किनाऱ्यावर व मुंबईत असंख्य झाडे पाडली. त्यांत आंबा-फणसाची जुनी झाडेही होती. ज्यांच्या बागा गेल्या त्यांच्यासाठी त्या लाकडाला सरपणापेक्षा चांगला भाव मिळणे ही सौंदर्यदृष्टीची बाब नव्हती, उपजीविकेची होती.

येथील हवामान ही कारागिरापुढील वेगळी कसोटी आहे. कोकणातील पावसाळी हवा आणि मराठवाडा-विदर्भातील उन्हाळा यांच्या आर्द्रतेत प्रचंड अंतर आहे. एकीकडे तबली फुगते, तर दुसरीकडे सांधे उघडतात. परदेशी लाकडाची गिटारही या फेऱ्यातून सुटत नाही. येथेच वाढलेले व वाळलेले लाकूड केवळ त्यामुळे सुरक्षित ठरत नाही, परंतु ते कसे वागते याचा अभ्यास येथेच, सर्व ऋतूंत करता येतो.

या कामात महाविद्यालयांना निश्चित भूमिका घेता येईल. शहरी भागात झाड तोडण्यासाठी ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ नुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. परवानगी मिळाल्यावर लाकडाचे काय होते, याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. ज्या महाविद्यालयाच्या आवारात वृक्षगणना झालेली आहे, त्याला पडणाऱ्या प्रत्येक झाडाची जात व अंदाजे वय माहीत असते. वनस्पतिशास्त्र विभागाने बुंध्याचा नमुना जतन करावा, भौतिकशास्त्र विभागाने वाळलेल्या पट्टीची घनता, ताठपणा आणि ध्वनिवेग मोजावा, संगीत विभागाने स्थानिक कारागिराच्या साह्याने एखादे वाद्य घडवून घेऊन त्याची डोळे झाकून परीक्षा करावी, असा बहुविद्याशाखीय प्रकल्प फार खर्चाचा नाही. एक वजनकाटा, एक मोजपट्टी, ध्वनिमुद्रण करणारा साधा संगणक आणि दोन वर्षांचा धीर एवढी त्याची सामग्री आहे.

१०. समारोप

पुनर्प्राप्त स्थानिक लाकडापासून गिटार घडवण्याच्या प्रयोगांवरून काही गोष्टी स्पष्ट होतात. वाद्याच्या नादात तबली, रचना आणि कारागिराचा हात यांचा वाटा पाठीच्या लाकडाच्या जातीपेक्षा मोठा आहे. परंपरा म्हणून जिचा आग्रह धरला जातो, ती लाकडांची यादी त्या त्या काळातील उपलब्धतेनुसार बदलत आलेली आहे. स्थानिक लाकडाचा उपयोग होण्यातील मुख्य अडथळा लाकडाच्या गुणांत नसून ते कापण्याच्या, साठवण्याच्या आणि नोंदण्याच्या व्यवस्थेत आहे.

झाड तोडणे टाळता आले, तर ते टाळावेच. टाळता न आल्यास त्याचा बुंधा दोन फुटांऐवजी तीन फुटांवर कापावा आणि टोकांना मेण लावून सावलीत ठेवावा. एवढ्या अल्प काळजीने त्या झाडाला पुढील एक आयुष्य मिळण्याची शक्यता शिल्लक राहते. त्यातून वाद्य घडेल की बाक, हे नंतर ठरवता येईल. सरपण झालेल्या लाकडाबाबत मात्र काहीच ठरवता येत नाही.